तीन भिंती आणि एक पिवळा रंग

फार फार मागची गोष्ट आहे. तेव्हा पालींना बोलता येत होतं आणि माणसांना, अधूनमधून का होईना, ऐकता येत होतं. लहानांनी पुढे बसावं, मोठ्यांनी मागे. मोठ्यांना झोप आली तर येऊ द्यावी, पण घोरू नये. मला सांगताना मध्ये आवाज झालेला खपत नाही.

तर एक राज्य होतं. राज्य म्हणजे फार मोठं नाही हं. मधोमध एक तळं आणि तळ्याच्या तीन बाजूंना तीन गावं, बस्स. सखल बाजूला मळई. तिथली माणसं मातीत राबायची आणि मातीच्याच घरात राहायची. चढावर कातळगाव, तिथे घर दगडाचं, पायरी दगडाची, आणि लोक म्हणायचे की तिथली डोकीही दगडाचीच. पलीकडे रानाला लागून सागबन. तिथे पाळण्यापासून पाटापर्यंत सगळं लाकडाचं.

तळं एक, म्हणून भांडणही एकच. पाणी कुणाला किती? या भांडणात पूर्वी डोकी फुटायची. शेवटी तिन्ही गावांनी शहाणपण केलं, सगळ्यांचा मिळून एक राजा नेमला आणि तळ्याच्या काठी त्याला बसायला सदर बांधली. सदर म्हणजे जिथे बसून राजा गाऱ्हाणी ऐकतो, निवाडा करतो, ती जागा. एकेका गावाने एकेक भिंत उभी केली. मळईने मातीची, कातळगावाने दगडाची, सागबनाने सागाच्या फळ्यांची. चौथी बाजू तळ्याकडे उघडी ठेवली, म्हणजे निवाडा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत पाणी राहावं.

आणि एक रीत घालून दिली. जो कुणी नव्याने गादीवर बसेल, त्याने आधी ही सदर रंगवून घ्यायची. तिन्ही भिंतींना एकच पिवळा रंग. पौर्णिमेच्या दिवशी भर दुपारी तिन्ही गावांचे प्रमुख मधोमध उभे राहून भिंती बघणार. तिन्ही सारख्या दिसल्या तर मुजरा करणार. पण एकाला जरी आपली भिंत उणी वाटली, तर मुजरा नाही आणि राज्यही नाही. मग तळ्याचा बांध फोडायचा आणि ज्याने त्याने आपल्या वाट्याचं पाणी घेऊन जायचं. बांध फुटला की उन्हाळ्यापर्यंत तळ्यात बेडूकसुद्धा उरणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण रीत म्हणजे रीत.

या गोष्टीच्या वेळचा राजा थकला होता. त्याला एकच मुलगी, वैजयंती. ती या तळ्यातच पोहायला शिकली होती, आणि तिन्ही गावांतल्या घरांत तिने भाकरी खाल्ली होती. राजा म्हणाला, "वैजू, या पौर्णिमेला तू गादीवर बस."

"बसते," वैजयंती म्हणाली. "आणि सदर अशी रंगवते आबा, की कुणी बोट ठेवायला जागा राहणार नाही."

पोरगी धीट होती आणि मनाने सरळ होती. आता सरळ माणसं चुकत नाहीत असं नाही. ती सरळ चुकतात, एवढाच फरक.

तिने राज्याच्या रंगाऱ्याला बोलावलं. लिंबाजी त्याचं नाव. लिंबाजीने डोंगरातली पिवळी माती आणून वाटली, गाळली, तिच्यात डिंक आणि खळ घालून एका मोठ्या रांजणात रंग सिद्ध केला. रंग कसला, उन्हात धरलेल्या लोण्यासारखा. वैजयंतीने बोट बुडवून बघितलं आणि तिला वाटलं, झालं काम.

इतक्यात तिन्ही गावांचे प्रमुख येऊन दाखल झाले. मळईचे राणोजी, हळू बोलणारे पण मनात धरून ठेवणारे. कातळगावचे धोंडजी, आवाज असा की हाक मारली तर पलीकडच्या तीरावरचे बगळे उडावेत. आणि सागबनच्या सोनकाई, केस पिकलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण जीभ मात्र काठीवाचून चालायची. तिघांच्याही हातात एकेक गाडगं होतं.

"हे कशाला?" वैजयंतीने विचारलं.

"मापाला," धोंडजी म्हणाले. "रांजणातून जो रंग निघेल तो गाडग्याने मोजून निघेल. एक गाडगं त्यांच्या भिंतीला, तर एक आमच्या भिंतीला. जास्त नको, कमी नको."

"आमचंही तेच म्हणणं," राणोजी म्हणाले.

"तिन्ही गाडगी सारखीच आहेत, मी पाणी ओतून बघितलंय," सोनकाई म्हणाल्या. म्हणजे बघा, विश्वास किती होता ते.

वैजयंतीला हे पटलं. का पटू नये? तिला कुणावर अन्याय करायचा नव्हता. तिने हुकूम दिला: रंग एकाच रांजणातला, कुंचले एकसारखे, हात एकसारखा आणि गाडग्यास गाडगं. लिंबाजीने खांदे उडवले. त्याच्या मते रंग उत्तम होता, मग भिंतीने काय करायचं ते भिंतीचं भिंत बघेल.

काम झालं. रंग वाळला. प्रमुखांना बोलावलं. वैजयंती हसत हसत पुढे झाली, आणि सदरेत पाऊल टाकताच तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

मातीची भिंत फिकी पडली होती. काल रंगवलीच नाही असं वाटावं इतकी फिकी, आणि मध्ये मध्ये ढगासारखे पट्टे. दगडाच्या भिंतीवरून रंग ओघळून खाली साचला होता. वर दगड उघडे आणि पायाशी पिवळा गाळ. लाकडाची भिंत त्यातल्या त्यात बरी, पण सागाच्या जिथे जिथे गाठी होत्या, तिथून तपकिरी डाग वर आले होते. जणू भिंतीला देवी आल्या होत्या.

"आमची भिंत उपाशी ठेवली," राणोजी हळूच म्हणाले.

"आमच्या भिंतीला पाणचट रंग दिला," धोंडजी गरजले.

"आमच्या रंगात काहीतरी कालवलं," सोनकाई म्हणाल्या. "मापं सारखी होती, ती मी बघितली. रांजणात काय होतं ते कोण बघणार?"

लिंबाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या रंगात खोट नाही," तो म्हणाला. "तुमच्या भिंतीच तशा."

झालं. आता तिघेही एकदम त्याच्यावर घसरले. भिंतीला नावं ठेवणं म्हणजे गावाला नावं ठेवणं. वैजयंतीने मध्ये पडून सगळ्यांना शांत केलं. रंग खरवडून काढायला सांगितला आणि तसाच पुन्हा दिला, याही वेळी गाडग्यास गाडगं. याही वेळी माती फिकी, दगड उघडा आणि लाकडाला डाग. पहिले पाढे पंचावन्न. तोही रंग खरवडावा लागला.

प्रमुख जाता जाता म्हणाले, "पौर्णिमेला येतो. तेव्हा हे असंच असेल, तर बांध फोडायला कुदळी घेऊनच येतो."

राजाने मुलीला जवळ बसवलं. "वैजू, एक सांगू? माझ्याही वेळी भिंती अशाच झाल्या होत्या."

"मग तुम्ही काय केलंत, आबा?"

राजा जरा घुटमळला. "काहीतरी निमित्त काढून समारंभ दुपारचा तिन्हीसांजेला नेला. समया मोजक्याच लावल्या. अंधारात सगळ्या भिंती सारख्या."

"आणि पुढे?"

"पुढे काय, जन्मभर त्यांची गाडगी मोजत बसलो. पाणी सोडलं की मोज. धान्य वाटलं की मोज. त्यांनी मुजरा केला, पण भरवसा कधी दिला नाही." राजाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू काय करायचं ते तूच ठरव. पण समया अजून आहेत माझ्याकडे."

"समया राहू द्या," वैजयंती म्हणाली. "मी भर दुपारीच दाखवणार."

म्हणाली खरी. पण दुसऱ्या दिवशी ऐन उन्हाच्या वेळी ती सदरेत एकटीच जाऊन बसली. समोर तळं चमकत होतं. हे पाणी पुढच्या वर्षी इथे नसेल, आणि ते माझ्यामुळे नसेल, या विचाराने तिला रडू आलं, आणि ती रडली. राजकन्या झाली म्हणून काय झालं.

"रडायचं असेल तर जरा पलीकडे बस," वरून आवाज आला. "माझ्या माश्या उडतायत."

वैजयंतीने मान वर केली. तुळईला एक म्हातारी पाल चिकटली होती. शेपटी एकदा तुटून पुन्हा आलेली, आणि अंगावर पिवळ्या रंगाचे शिंतोडे. पाल अंगावर पडली तर माणसाला काय फळ मिळतं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. माणसाचा रंग पालीच्या अंगावर पडला तर तिला काय वाटतं, ते कुणी विचारत नाही. त्यामुळे ती पाल आधीच चिडलेली होती.

"माफ करा, पालबाई," वैजयंती म्हणाली. "तुम्हाला त्रास झाला."

"झालाच. दोनदा रंगवलंत, दोनदा खरवडलंत. आणि एकदाही भिंतीला विचारलं नाहीत."

"भिंतीला काय विचारायचं?"

"घ्या. मी जन्मभर या तिन्ही भिंतींवरून चालतेय. तुम्ही त्यांना डोळ्यांनी बघता, मी पायांनी. मातीच्या भिंतीवर उन्हाळ्यात पोट टेकलं की गार लागतं. का? ती पाणी पिते. पावसाचा शिंतोडा आला तरी पिते, तुमचा रंग आला तर तोही पिते. दगडाच्या भिंतीवर माझे पाय, हो माझेसुद्धा, घसरतात. तिथे मी घाईने जात नाही. आणि लाकडाची भिंत उबदार आहे, पण तिच्या गाठींपाशी अजून चीक सुटतो. एकदा माझं पिल्लू तिथे दिवसभर चिकटून बसलं होतं."

"म्हणजे एक तहानलेली, एक काही धरत नाही, आणि एक आतलं बाहेर टाकते," वैजयंती पुटपुटली.

"तुझं तू ठरव. मला रंगकाम येत नाही, मी पाल आहे." एवढं बोलून तिने एक माशी गिळली आणि तुळईच्या मागे गेली.

वैजयंती उठली. तिने मातीच्या भिंतीला तळहात लावला, मग गाल लावला. मग दगडाला, मग लाकडाच्या गाठींना. राज्यावर बसायला निघालेली मुलगी भिंतीला गाल लावून उभी आहे, हे बघून बाहेरून जाणारा एक गुराखी घाबरून पळाला. तिला त्याचं काही नव्हतं. तिने लिंबाजीला बोलावलं आणि दोघं मिळून भिंतींच्या कोपऱ्यांत थोडं थोडं करून बघू लागले. लिंबाजी आधी फुगलेला होता, पण रंगाचं वेड असलेला माणूस फार वेळ फुगून राहत नाही.

मातीच्या भिंतीला आधी पाणी शिंपलं, मग नुसत्या खळीचा हात दिला, मग पुन्हा दिला. तिची तहान भागली, तेव्हा कुठे तिने रंग वर राहू दिला. दगडाच्या भिंतीला टाकीने, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीने, बारीक टिचे, म्हणजे खाचा, मारले, त्यावर चुना आणि वाळूचा पातळ थर दिला. मग तिने रंग धरला. लाकडाच्या गाठींवर लाख वितळवून लावली, चीक आतल्या आत बंद केला, फळ्या घासून घेतल्या. मग डाग आला नाही. तिन्ही कोपरे वाळले आणि शेजारी शेजारी आल्यासारखे एका रंगात दिसू लागले. लिंबाजी लांबून बघून आला, जवळून बघून आला, आणि म्हणाला, "ताईसाहेब, रंग माझाच आहे हं हा."

"तुमचाच आहे," वैजयंती म्हणाली. ती मनापासून हसली, पुष्कळ दिवसांनी.

पण बाळांनो, खरी पंचाईत पुढेच होती. भिंत समजली म्हणजे भिंतवाले समजतात असं थोडंच आहे? तिने प्रमुखांना बोलावून सगळं सांगितलं.

राणोजी खूश झाले. त्यांच्या भिंतीला जास्त मिळणार होतं. बाकी दोघे भडकले.

"मळईला गाडग्यामागून गाडगी आणि आम्हाला काय, टाकीचे घाव?" धोंडजी म्हणाले. "ती भिंत माझ्या आजाने रचली. तिच्या अंगाला मी टिचा लावू देणार नाही."

"आणि आमच्या गाठी झाकायच्या?" सोनकाई म्हणाल्या. "पोरी, गाठ ही झाडाची खूण असते. कुठली फांदी कुठे फुटली होती ते त्यावरून कळतं. आम्हाला त्यांची लाज नाही."

"लाज कुणालाच नाही," वैजयंती म्हणाली. "पण तुम्ही आपल्या भिंतीवर माया करता आणि दुसऱ्याच्या भिंतीवर संशय घेता. म्हणून मी एक ठरवलंय. आपली भिंत आपल्या हाताने कुणी रंगवायची नाही. धोंडजीकाका, तुम्ही मातीची घ्या. सोनकाई, तुम्ही दगडाची. राणोजीबाबा, तुम्ही लाकडाची. आधी जुन्याच पद्धतीने करा. गाडग्यास गाडगं. तुम्ही स्वतः करून भिंती सारख्या दाखवल्यात, तर मी आजच गादीचा नाद सोडते."

ही पैज होती, आणि मोठी होती. राजाने डोळे मिटून घेतले. पण वैजयंतीने भिंतींना गाल लावला होता, त्यामुळे तिला खात्री होती.

तिघांनी बाह्या सरसावल्या, सोनकाईंनी पदर खोचला. काम सुरू झालं. धोंडजींनी गाडगं भरून रंग घेतला आणि मातीच्या भिंतीवर कुंचला फिरवला. रंग दिसला आणि गेला. पुन्हा फिरवला, पुन्हा गेला. अर्धी भिंत व्हायच्या आत गाडगं रिकामं. त्यांनी गाडगं उलटं करून बघितलं, भोक आहे का ते.

"राणोजी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला, "ही भिंत आहे की विहीर?"

"आमची माती अशीच," राणोजी म्हणाले. "भातालाही असंच पाणी लागतं. तुम्ही म्हणता आम्ही अधाशी."

धोंडजींनी रिकामं गाडगं खाली ठेवलं. पाण्याच्या वाटपात त्यांनी मळईला पुष्कळदा अधाशी म्हटलं होतं, आणि ते त्यांना आठवलं.

तिकडे सोनकाई दगडावर रंग चढवत होत्या आणि रंग त्यांच्या पायांवर उतरत होता. पालथ्या घड्यावर पाणी तसा. पाऊल पिवळं झालं, काठी पिवळी झाली, भिंत मात्र कोरडी. त्या दमून खाली बसल्या. "धोंडजी, तुमच्या गावात पाऊस पडला तरी विहिरी कोरड्या का राहतात, ते मला आज कळलं," त्या म्हणाल्या. "काही थांबतच नाही तुमच्याकडे."

आणि राणोजी? त्यांनी लाकडाची भिंत मन लावून रंगवली, रंग वाळू दिला, आणि गाठीतून डाग वर येताना बघितला. त्यावर पुन्हा रंग दिला. डाग पुन्हा वर आला. त्यांनी डागावर बोट टेकवून बघितलं, बोट चिकटलं. "सोनकाई, कुणी काही कालवलं नव्हतं हो," ते हळूच म्हणाले. "हे आतूनच येतंय."

वैजयंती एका बाजूला उभी होती. जिंकलेल्या माणसाने अशा वेळी गप्प राहावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिला कळत होतं.

शेवटी धोंडजी उठले. कनवटीची टाकी त्यांनी काढली आणि सोनकाईंच्या हातात ठेवली. "हळू मारा," ते म्हणाले. "माझ्या आजाची भिंत आहे."

"मी काय रागाने मारणार आहे?" सोनकाई म्हणाल्या, आणि इतक्या जपून टिचे मारू लागल्या की धोंडजींनाच म्हणावं लागलं, जरा जोरात मारा, लागत नाही तिला.

मग काम चाललं ते असं की बघत राहावं. धोंडजी मातीच्या भिंतीला पाणी पाजत होते. सोनकाई दगडावर चुन्याचा हात देत होत्या. राणोजी एकेक गाठ शोधून तिच्यावर लाख लावत होते, आणि सोनकाई मान वळवून सांगत होत्या की तिकडे खाली एक राहिली. तिन्ही गाडगी कोपऱ्यात पडून होती. कुणाची किती भरली ते कुणी बघितलं नाही. पाल तुळईवरून बघत होती, पण तिचं लक्ष बहुतेक माश्यांकडेच होतं.

पौर्णिमा उजाडली. तिन्ही गावं लोटली होती. कुणी खरंच कुदळी आणल्या होत्या आणि त्या पाठीमागे धरल्या होत्या. ऊन वर चढलं, तळ्यावरून उजेड आत आला, आणि सदर आतून अशी उजळली की लोक बोलायचे थांबले. कुठली भिंत माती आणि कुठली दगड, डोळ्याला कळत नव्हतं. राजाने मुलीकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले.

तिन्ही प्रमुख मधोमध येऊन उभे राहिले. आणि तेवढ्यात वैजयंतीला ते दिसलं. लाकडाच्या भिंतीवर, गादीच्या मागच्या बाजूला, बोराएवढा एक तपकिरी डाग. एक गाठ राहून गेली होती, आणि आजच्या उन्हाने तिचा चीक वर आला होता.

राजालाही तो दिसला. तो कानाशी लागला, "तोरणाची माळ जरा तिकडे सरकवू का? कुणाच्या ध्यानात येणार नाही."

क्षणभर वैजयंतीला वाटलं, सरकवावी. हो, वाटलं. गादी हातभर अंतरावर होती आणि लोकांच्या पाठीमागे कुदळी होत्या. मग ती पुढे झाली आणि तिने स्वतःच बोट दाखवलं.

"तिन्ही भिंती सारख्या नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. "तिथे डाग आहे. मी लपवणार नाही. निवाडा तुमचा."

सागबनची माणसं डागाकडे बघू लागली; डाग त्यांच्या भिंतीवर होता. सोनकाईंनी काठी घट्ट धरली. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर सगळं संपलं असतं.

पण पहिला बोलला तो मळईचा माणूस. "ती गाठ माझी राहिली," राणोजी म्हणाले. "सोनकाईंनी मला सांगितलं होतं, खाली बघा म्हणून. मीच वाकलो नाही. कंबर दुखत होती." आणि ते तसेच पागोट्यासकट भिंतीपाशी गेले, खाली बसले. लिंबाजीने धावत जाऊन लाख आणि रंग आणला. सगळ्या गावांच्या देखत मळईच्या प्रमुखाने सागबनची गाठ बंद केली आणि त्यावर रंग दिला.

"मुहूर्त टळतोय," पुरोहित म्हणाले.

"टळू द्या," धोंडजी म्हणाले. "भिंत वाळेपर्यंत आम्ही बसतो." आणि ते बसले. कुठे बसले? आपल्या दगडाच्या भिंतीशी नाही. ज्या मातीच्या भिंतीला त्यांनी पाणी पाजलं होतं, तिच्याशी जाऊन बसले. सोनकाई दगडाच्या भिंतीशी बसल्या, तिच्यावरचा टिचा अन् टिचा त्यांच्या ओळखीचा झाला होता. राणोजी लाकडाच्या भिंतीशी होतेच. मागे उभ्या असलेल्या लोकांनी ते बघितलं, आणि एकेक कुदळ आवाज न करता जमिनीवर टेकली गेली.

रंग वाळला. डाग पुन्हा आला नाही. तिघे उठले आणि त्यांनी वैजयंतीला मुजरा केला. तो मुजरा बघून राजा मुलीसारखाच रडला, आणि पाल म्हणाली की या घराण्याला रडण्याचीच सवय आहे.

पुढे एके वर्षी पाऊस ओढ देऊन बसला. तळं खाली गेलं. वैजयंतीने पाणी वाटलं ते असं: मळईच्या भाताला जास्त सोडलं. कातळगावात पाणी थांबत नाही म्हणून तिथे आधी पाणी साठवायची टाकी बांधून दिली. सागबनाला पाणी थोडंच लागत होतं, पण तिथली झाडं तोडायला तिने वर्षभर बंदी घातली, म्हणजे रानातले झरे जिवंत राहतील. तिघांना तीन तऱ्हा. आधीचा काळ असता तर बांधावर डोकी फुटली असती. त्या वर्षी बांधावर तिन्ही गावांचे लोक आले, पाणी सुटलेलं बघितलं आणि घरी गेले. येताना कुणीही गाडगं आणलं नव्हतं, आणि त्या उन्हाळ्यात तिन्ही गावांतलं एकही शेत वाळलं नाही.

आणि सदरेच्या कोपऱ्यातली ती तीन गाडगी? ती तिथेच राहिली. एकात पालीने अंडी घातली. दुसऱ्या दोन गाडग्यांतही घातली असती, पण तिला मोजून वाटायची सवय नव्हती.

बोध एवढाच: सगळ्यांवर एक रंग हवा असेल तर आधी प्रत्येक भिंत ओळखावी, माप सारखं ठेवून सारखेपणा येत नाही, ज्याला जे लागतं ते दिल्याने येतो.